आईला गोड चालत नाही

वैष्णवी जिलबीची परात कमरेवर टेकवून पंगतीतून पुढे सरकत आली, वडिलांच्या ताटात तिनं दोन जिलब्या वाढल्या आणि आईचं, चंद्रभागेचं, ताट सोडून ती पलीकडच्या बाईंकडे वळली. घाईत राहून गेलं म्हणावं, तर तसंही नाही. ती चंद्रभागेसमोर थांबली, वाकली, गालाला गाल लागेल इतकी जवळ आली आणि पलीकडच्या बाईंना मोठ्या आनंदानं म्हणाली, "आईला गोड चालत नाही, काकू. अगदी पहिल्यापासून. तुम्हाला किती वाढू?" काकूंनी दोन म्हटलं, तिनं तीन वाढल्या, आणि ती पुढे गेली. चिमट्यावरून ओघळलेला पाकाचा थेंब चंद्रभागेच्या ताटाच्या काठावर पडला होता. मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं आपापल्या जागी होतं आणि जिथं पक्वान्न असायचं तिथं नुसतं स्टील चकाकत होतं. चंद्रभागा त्या रिकाम्या जागेकडेच पाहत राहिली. दोन मिनिटांपूर्वी तिचा ऊर अभिमानानं इतका भरला होता की ब्लाउजची शिवण उसवते की काय असं वाटावं, आणि आता मधेच हे. आजचा दिवस कसला आणि आपण जिलबीवर काय नजर लावून बसलोय, असं तिनं स्वतःला बजावून पाहिलं. नजर काही हटेना.

या शाळेत निकालाचा समारंभ म्हणजे व्यासपीठ नाही, हार नाहीत, शाल-श्रीफळ नाही, फोटोंचे फ्लेक्स तर नाहीतच. निकाल लागला की नाशिकच्या गंगापूर रोडला क्लासवाल्यांच्या फ्लेक्सची जी जत्रा भरते ती बघून आलेल्या पालकांना गिरणाऱ्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला असलेल्या या शाळेत आलं की चुकल्याचुकल्यासारखं होतं. इथली रीत निराळी. बारावीचा निकाल लागला की पुढच्या रविवारी सुटून गेलेली सगळी मुलं वसतिगृहात परत येतात, आईवडिलांना जेवायला बोलावतात, आणि इतकी वर्षं ज्यांनी नुसतं ताट पुढे करून खाल्लं ती मुलं त्या दिवशी पंगत वाढतात. प्राचार्याबाई, फाटकावरचा वॉचमन, बागाईतदार पालक, डॉक्टर पालक, सगळे एकाच सतरंजीच्या पट्टीवर मांडी घालून बसतात. ज्यांचे गुडघे ऐकत नाहीत त्यांना भिंतीकडेला खुर्ची मिळते, पण खुर्चीवर बसणाऱ्याला घरी जाईपर्यंत चिडवतात. मार्क कुणी वाचून दाखवत नाही. एवढंच, की पक्वान्नाची परात त्या वर्षी शाळेत जो पहिला येतो त्याच्या हातात असते. मुलांना आधीच सगळं ठाऊक असतं, पण घरी सांगायचं नाही ही त्यांची त्यांनीच पाळलेली शिस्त. त्यामुळे आपापल्या पोराचे मार्क तोंडपाठ असलेले आईबाप पंगतीत बसून स्वयंपाकघराच्या दाराकडे असे बघत असतात, की जणू त्या दारातून नवरानवरीच येणार आहेत.

मघाशी चंद्रभागाही तशीच बघत होती. आधी मीठ आणि लिंबू घेऊन वैष्णवीची मैत्रीण तेजल आली. तिचा नवरा दीपक कानाशी पुटपुटला, "मीठ आपल्या बाईसाहेबांकडे नाही, चला, एक घाट उतरला." ओझरच्या कारखान्यात विमानांच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात ज्याचा जन्म गेला तो हा माणूस घरी गप्प असतो, पण मनातून घाबरला की विनोद करायला लागतो. कोशिंबीर आली, वैष्णवी नव्हती. भाजी आली, नव्हती. पोळ्यांची टोपली घेऊन दोन उंच मुलगे आले, आणि चंद्रभागेला आपल्या छातीचे ठोके साडीच्या पदराखाली दिसत असतील अशी शंका आली. मग दार कुणीतरी पायानं ढकललं, आणि कपाळावर आलेले केस फुंकरीनं उडवत, पांढऱ्या कुर्त्यावर निळा एप्रन बांधलेली, लालबुंद झालेली तिची वैशू परात घेऊन बाहेर आली. त्या क्षणाला काय झालं ते चंद्रभागेला नीट आठवेना. दीपकनं तिचं मनगट धरलं होतं आणि ते दुखत होतं, एवढंच कळत होतं. उठून उभं राहावं आणि ओरडून सांगावं की ती माझी आहे, असं वाटलं होतं. पण ती उठली नाही. गंगापूर रोडवरच्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट देण्याचं काम तिनं इतकी वर्षं केलेलं, पाकिटात बरं आहे की वाईट आहे ते चेहऱ्यावर उमटू द्यायचं नाही ही सवय हाडीमाशी मुरलेली. ती ताठ बसली, फक्त पदर सारखा केला. आत मात्र नुसता गोंधळ माजला होता, आणि त्या गोंधळात तोंडाला सपाटून पाणी सुटलं होतं, कारण वेलची आणि साजूक तुपाचा वास परातीच्या पुढे पुढे धावत तिच्यापर्यंत येऊन पोचला होता.

आता वैष्णवी समोरच्या पंगतीत होती. चंद्रभागा तिला बघत होती. तेजलच्या वडिलांना साखरेचा त्रास, त्यांना तिनं न विचारता अर्धी वाढली, आणि उरलेल्या अर्धीकडे ते आशेनं पाहायला लागले तेव्हा बोट नाचवून त्यांना दटावलं. गणिताचे मल्हारी सर आता निवृत्त झालेले, तोंडात दात नाहीत. त्यांच्यासमोर ती बसली, एक जिलबी मठ्ठ्याच्या वाटीत बुडवून मऊ केली आणि म्हणाली, "सर, दोन मिनिटं थांबा, मग खा." प्राचार्याबाईंना कडेची कुरकुरीत आवडते, त्यांच्यासाठी तिनं परातीच्या काठाची निवडून काढली. कुणाला काय चालतं, कुणाला काय चालत नाही, सगळं त्या पोरीला पाठ होतं. चंद्रभागेला वाटलं, मार्क काय, मार्क शेकडो पोरांना पडतात, पण हे कुठून शिकली ही? आपण तर शिकवायला जवळ नव्हतो. आणि लगेच दुसरा विचार आला, तो पहिल्याच्या पाठीवर बसूनच आला. इतक्या सगळ्यांचं हिला बरोबर माहीत आहे, फक्त माझंच चुकीचं माहीत आहे. आणि ते चुकीचं हिला मीच शिकवलं.

पाचवीला तिला इथं आणून सोडलं तो निर्णय सर्वस्वी चंद्रभागेचा. प्रवेश परीक्षेत नंबर लागल्याचं कळलं तेव्हा दीपक दोन दिवस बोललाच नाही, आणि सासूबाई बोलत राहिल्या. "लय शहाणी झालीस तू. धा वर्षांचं लेकरू डोंगरात नेऊन टाकायचं? आमी काय पोरं शिकवली नाय का?" चंद्रभागेनं उलट उत्तर दिलं नाही, फक्त ट्रंक भरली. तिला कुणाला सांगता आलं नसतं, पण कळवणजवळच्या गावात ती सातवीत असताना नाशिकच्या मुलींच्या वसतिगृहात तिची जागा झाली होती, मास्तर घरी येऊन सांगून गेले होते, आणि वडील म्हणाले होते, "पोरीबिगर घर सुनं दिसंल." मायेनंच म्हणाले होते. त्यांच्या त्या मायेपायी ती दहावीपर्यंतच शिकून गावात राहिली, आणि पुढे जे काय शिकली ते लग्नानंतर, लॅबची नोकरी सांभाळून, रात्रीच्या वर्गात. माया अशीही नडते हे तिला ठाऊक होतं. म्हणून स्वतःच्या मुलीच्या वेळी तिनं मन घट्ट केलं. शाळेच्या फाटकाशी वैष्णवीनं वळून पाहिलं तेव्हाही तिनं लॅबच्या काउंटरवरचाच चेहरा ठेवला होता. पोरगी आत गेली आणि दीपक गाडीत बसून लहान मुलासारखा रडला. चंद्रभागा रडली नाही, म्हणून सासूबाई तिला पुढे कित्येक दिवस दगड म्हणत होत्या.

मग पहिला भेटीचा रविवार आला. महिन्यातला एक रविवार, जेवणानंतरचे दोन तास, चिंचेच्या झाडाखाली, आणि नियम असा की घरून आणलेलं तिथंच संपवायचं, आत न्यायचं नाही. आत नेलं तर ज्यांचे आईवडील आलेले नाहीत त्यांना वाईट वाटतं. नियम चांगलाच होता. चंद्रभागेनं पावशेर जिलबी आणली होती, दुकानातून गरम बांधून घेतलेली, बसमध्ये मांडीवर धरून आणलेली, आणि तो कागदाचा पुडा सोडताना तिचीच बोटं चिकट झाली होती. तिला जिलबीचं लहानपणापासून वेड. वडील कळवणच्या बाजारातून आणायचे, सगळ्या भावंडांत वाटली की वाट्याला एकेक यायची, मग पाकानं पारदर्शक झालेला कागद चाटण्यावरून भांडणं. चिंचेखाली बसल्यावर वैष्णवीनं पहिली जिलबी उचलली, दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा आईच्या तोंडाशी नेला. महिनाभरात पोरीचे गाल बसले होते, गळ्याची हाडं दिसत होती. चंद्रभागेनं तो तुकडा पाहिला, ती हाडं पाहिली, घड्याळ पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं, "मला नको गं. मला गोड नाही आवडत." वैष्णवीचा हात तसाच राहिला. "खरंच?" "खरंच. चालतच नाही मला." "कधीपासून?" "पहिल्यापासून." पोरीनं जरा विचार केला, घरी आई गोड खायची की नाही ते आठवून पाहिलं असावं, पण दहा वर्षांच्या मुलीला आई काय खाते ते कुठं आठवतं! तिनं तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, मग दुसरा, मग पुडा संपेपर्यंत थांबली नाही. चंद्रभागा समोर बसून बघत राहिली. आपलं पोट भरावं तसं तिला वाटत होतं, आणि एकीकडे जिभेच्या मुळाशी पाणी साठत होतं ते ती गिळत होती. परतीच्या वाटेवर सीबीएसला उतरून तिनं स्वतःसाठी जिलबी घेतली, स्टँडवरच्या बाकावर बसून खाल्ली, आणि तिथं मात्र रडली. बाजूला बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, काय झालं बाई? ती म्हणाली, काही नाही, जिलबी गरम आहे.

एकदा म्हटलेलं मागं घेता आलं असतं. पुढच्या महिन्यात, निदान दिवाळीत. पण त्या महिन्यात पोरीला ताप येऊन गेला होता, दिवाळीला ती घरी आली ती सगळ्यांना सांगतच, "आईला करंजी नका देऊ, तिला गोड चालत नाही." सासूबाई चमकल्या, दीपकनं बायकोकडे पाहिलं, आणि चंद्रभागेनं डोळ्यांनी त्याला गप्प केलं. पोरगी इतक्या अभिमानानं सांगत होती! महिनोन् महिने दूर राहून आईबद्दलची एक गोष्ट तिनं नीट सांभाळून ठेवली होती, तीच खोटी आहे असं सांगायचं कसं? पुढे मामाच्या लग्नात तिनं वाढप्याला अडवलं. वाढदिवसाचा केक कापला की आईच्या वाट्याचा ती स्वतः खायची, आणि आईसाठी आठवणीनं वेफर्सचा पुडा फोडायची. शाळेची सहल कुठंही जावो, बाकीच्या मुली घरी पेढे नाहीतर चिक्की न्यायच्या, हिच्या पिशवीत आईसाठी खारे शेंगदाणे, तिखट चिवडा, मसाला काजू. चंद्रभागा ते सगळं चवीनं खायची, आणि पोरगी हॉस्टेलला परत गेली की त्या संध्याकाळी ओट्याशी उभी राहून लाडवांचा डबा उघडायची. दीपक पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "साहेब गेले वाटतं दौऱ्यावर. डबा वाजला." ती त्याला लाडू द्यायची नाही. दोघांनाही हसू यायचं, पण ओट्याशी उभ्या उभ्या खाल्लेल्या त्या लाडवाला कधी कधी चोरीची चव यायची, आणि अर्धा खाऊन ती डबा लावून टाकायची.

"ताई, तुमाला हे." चंद्रभागेनं मान वर केली. शाळेच्या स्वयंपाकघराच्या मुख्य कुसाबाई, आज त्यांनाही पंगतीत बसायचं होतं पण पाय स्वयंपाकघरातून निघत नव्हता, त्या वाटीत काहीतरी घेऊन वाकल्या होत्या. हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं शेंगदाणा तेल. "तुमची वैशू सकाळपास्नं माझ्या मागं लागली. माझ्या आईला गोड नाय चालत, तिच्यापुरता येगळा ठेचा करा. म्या म्हनलं, अगं माझे हात जिलबीत हायेत. तर सोता कुटला तिनं. डोळं लाल करून घेतलं नुसतं." त्यांनी वाटी अगदी त्या रिकाम्या जागेवर ठेवली. "लय गुनाची पोर, ताई. लय जीव हाय तुमच्यावर." कुसाबाई गेल्या. चंद्रभागा ठेच्याकडे बघत राहिली. म्हणजे परात घेऊन बाहेर आली तेव्हाचा तो लालबुंद चेहरा नुसत्या आनंदाचा नव्हता तर. पहिली आलेली मुलगी आज सकाळी आईसाठी मिरच्या कुटत बसली होती. तिनं ठेच्याला बोट लावून जिभेवर घेतलं. झणझणीत होता, उत्तम होता. डोळ्यांत पाणी आलं त्याचं खापर तिनं मिरचीवर फोडलं.

आता गप्पच बसावं हे बरं, असं तिला वाटलं. एवढ्या मायेनं पोरीनं केलं, तिच्या या दिवशी तिला तोंडघशी कशाला पाडायचं? पण मन ऐकेना. जुलैत वैष्णवी पुढच्या शिक्षणासाठी बंगळुरूला जाणार होती. मग दोन तासांचा रविवारही नाही. तिथं नव्या मैत्रिणी होतील, रात्री खोलीत बसून आपापल्या आयांबद्दल बोलतील, आणि ही सांगेल, माझ्या आईला गोड चालत नाही. कुणी काही गोड आणलं की हिला आई आठवेल, आणि जी आठवेल ती चंद्रभागा नसेलच. पोरगी आयुष्यभर एका दुसऱ्याच बाईवर जीव लावत राहील. आपण दोन तास वाचवायला, चार घास जास्त जावेत म्हणून, एक बाई उभी केली आणि तीच आपल्या जागी बसली. आपल्याला कुठं गोड नको होतं? आपल्याला तर सगळंच हवं होतं, जिलबी हवी होती, नाशिकचं वसतिगृह हवं होतं, पोरगी घरात हवी होती आणि ती इथं शिकायलाही हवी होती. यातलं काहीच हिला माहीत नाही. हिला वाटतं, माझ्या आईला काही नकोच असतं. आईनं फाटकाशी डोळे कोरडे ठेवले ते हिनंही पाहिलं होतं. हिच्या मनात त्याचं काय झालं असेल? आईला गोड चालत नाही, तसंच आईला आपलं जवळ असणंही... छे. चंद्रभागेनं तो विचार तिथंच थांबवला, पण तोवर तो तिला लागायचा तो लागून गेला होता. मे महिन्याची झळ खिडकीतून आत येत होती, पंखे नुसतेच फिरत होते, आणि तिनं मात्र पदर अंगाभोवती ओढून घेतला.

"घे." दीपकनं ताटाच्या काठावरून, पोळीच्या घडीत लपवून, आपली जिलबी तिच्याकडे सरकवली. तो समोर बघत होता, ओठ न हलवता बोलत होता. "ती तिकडे खुर्चीवाल्यांकडे आहे. पाठमोरी. पटकन टाक तोंडात." चंद्रभागेनं पोळीची घडी पाहिली. त्यातून पाक झिरपत होता. इतकी वर्षं या माणसानं तिचं हे गुपित असं सांभाळलं, चिडवलं पण फोडलं नाही, याचं तिला बरं वाटलं. तोंडात पाणी होतंच. हात पुढे गेलाही. आणि मग तिला आपणच दिसलो, मुलगी पहिली आली त्या दिवशी, भरल्या पंगतीत, नवऱ्याच्या पोळीआडून चोरून खाणारी बाई. तिला एकदम राग आला, दीपकचा नाही, स्वतःचाही धड नाही, त्या दुसऱ्या बाईचा. "नको," ती म्हणाली. दीपकनं वळून पाहिलं. "अगं, जिलबी आहे." "दिसतंय मला. अशी नको."

तोवर आग्रहाची फेरी सुरू झाली होती. मुलांच्या अंगात आता वारं शिरलं होतं, नको म्हणणाऱ्याच्या ताटात जास्तच पडत होतं, हसण्याचा कल्ला छतापर्यंत गेला होता. वैष्णवी परात घेऊन परत या ओळीत आली, दीपकसमोर थांबली. "बाबा, अजून दोन. नाही म्हणायचं नाही." तिनं वाढलं, आईच्या ताटातली ठेच्याची वाटी पाहिली, तिचा चेहरा फुलला. "कसा झालाय?"

"फार छान झालाय. वैशू, मला वाढ."

"काय वाढू? मठ्ठा? तेजलकडे आहे, थांब, बोलावते."

"जिलबी."

वैष्णवी हसली. मग आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसायची थांबली. "तुला चालत नाही ना."

"चालते. आवडते मला. खूप आवडते, अगदी लहान होते तेव्हापासून."

दीपकला एकाएकी कोशिंबिरीत फार रस वाटायला लागला. वैष्णवीच्या भुवयांमध्ये एक आठी उमटली. ती आठी चंद्रभागेला ओळखीची होती. गणिताचं उत्तर चुकलं की पोरगी चिडत नसे, पानाच्या सुरुवातीला जाऊन एकेक पायरी पुन्हा तपासायला लागायची. आता ती तेच करत होती, परात कमरेवर तशीच धरून. "पण चिंचेखाली... तू म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते."

"तेव्हाही आवडत होती?"

"हो."

"आणि मी तुझ्यासमोर अख्खा पुडा..." तिचा आवाज खाली गेला. "दर वेळी? मामाच्या लग्नात? माझ्या वाढदिवसाला?"

"तू वाळली होतीस गं. दोनच तास असायचे. म्हटलं, तुझ्या पोटात जाऊ दे. आणि मग सांगायचं राहूनच गेलं."

"बाबांना माहीत होतं?"

"मला कशाला मध्ये घेता," दीपक कोशिंबिरीला म्हणाला.

चंद्रभागेला वाटलं होतं, पोरगी रडेल, नाहीतर गळ्यात पडेल. निदान तसं व्हावं असं तिनं मनात ठरवलं होतं. पण वैष्णवीच्या नाकाच्या पाळ्या थरथरल्या, कान लाल झाले, आणि ती चक्क रागावली. मोठी माणसं मोठ्या माणसांवर रागावतात तशी रागावली. "हे बरोबर नाही, आई. अजिबात बरोबर नाही. मी त्या दिवशी मोठा तुकडा तुझ्यासाठी काढला होता. मला आठवतंय. महिनाभर मी ठरवलं होतं, आई आली की आधी तिला द्यायचं, मग आपण खायचं. तू नको म्हणालीस. मला द्यायचं होतं तुला."

हे चंद्रभागेला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आपण काय सोडलं याचाच हिशेब तिनं मनाशी मांडला होता. पुढे आलेला तो लहान हात परत पाठवताना त्या हाताला काय वाटलं असेल, इकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. आणि तरी, त्या अपराधी वाटण्याच्या मधोमध, तिला आपल्या मुलीचा इतका अभिमान वाटला की तेवढा निकालाच्या दिवशी मोबाईलवर मार्क पाहतानाही वाटला नव्हता. भरल्या पंगतीत, परात हातात धरून, आईला तोंडावर चूक सांगणारी मुलगी. आपल्याला सातवीत असताना वडिलांसमोर असं बोलता आलं असतं तर!

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आता वाढ. मोठी बघून वाढ."

वैष्णवीनं परात खाली ठेवली. चिमटा बाजूला टाकला. हातानं परातीतल्या जिलब्या वरखाली केल्या, वेळ घेऊन केल्या, आणि मधली, पाक नीट मुरलेली, सगळ्यांत मोठी निवडून ठेच्याच्या वाटीशेजारी ठेवली. मग उठून पुढे जायचं सोडून ती आईसमोर सतरंजीवर मांडी घालूनच बसली. ओळीच्या टोकाकडून कुणीतरी हाक मारली, "अहो जिलबी! इकडे विसरलात का?" तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "थांबा जरा," ती मोठ्यानं म्हणाली, "माझी आई खातेय."

चंद्रभागेनं घास घेतला. कड कुरकुरली, पाक जिभेवर पसरला, मनगटाकडे ओघळला, आणि तिनं तो लाज न बाळगता चाटला. वैष्णवी समोरून बघत होती. हनुवटी हातावर टेकवून, आईच्या तोंडाकडे, गळ्याकडे, प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत. असं कुणी आपल्याला खाताना पाहत बसलं की कसं वाटतं ते चंद्रभागेला पहिल्यांदाच कळत होतं. तरी तिला खाणं थांबवावंसं वाटेना. जिलबी संपली न संपली तोच पोरीनं दुसरी ठेवली, मग विचारलंही नाही, तिसरी ठेवली. तिचे कान अजून लाल होते, राग पुरता गेला नव्हता, आणि डोळे भरले होते ते ती पुसत नव्हती, कारण हात पाकाचे होते.

पलीकडच्या काकू हे सगळं आ वासून ऐकत होत्या. त्यांना आता राहवेना. पुढे झुकून त्यांनी विचारलं, "पहिली आली ती हीच ना? तुमचीच ना हो ही?" चंद्रभागेला सांगायचं होतं. तोंड गच्च भरलेलं होतं, शब्द फुटेना, म्हणून ती नुसती मान हलवत राहिली, हो म्हणून, पुन्हा पुन्हा, दीपकनं पाण्याचा पेला पुढे करेपर्यंत.